चिप घडवायला शिकवता, तशी सांभाळायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात गेल्या काही महिन्यांत सेमीकंडक्टर प्रकल्पांविषयी पुष्कळ छापून आले. गुजरातेतील धोलेरा आणि साणंद, आसामातील जागीरोड ही नावे आता आमच्या गावच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. किती हजार कोटींची गुंतवणूक, किती रोजगार आणि त्यात विदर्भाच्या वाट्याला काय, यावर वाचकांची पत्रेही येत असतात. या चर्चेत एक बाजू मात्र कुठेच येत नाही, ती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. चिप तयार होण्याच्या काळात आणि तयार झाल्यानंतरही तिचे नाजूक भाग कुठे, कशा हवेत आणि कुणाच्या हाती ठेवले जातात, यावर त्या कारखान्याचे यश फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. आमच्या भागातील मुलांना या उद्योगात खरोखर पाय ठेवता यावा असे वाटत असेल, तर या स्वच्छ आणि स्वयंचलित साठवणीचे प्रशिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून (आयटीआय) आतापासून सुरू व्हायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे. मी ३१ वर्षे इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो आणि निवृत्तीनंतर हिंगणघाट तालुक्यातील माझ्या मूळ गावी राहतो, म्हणून हे अधिकाराने नसले तरी अनुभवाने लिहितो आहे.

आपल्याकडे भांडार म्हटले की मनात कोणते चित्र उभे राहते, हे सर्वांना ठाऊक आहे. कार्यालयात एखाद्यावर मर्जी खप्पा झाली की त्याला भांडारावर टाकतात. तिथे एक जुने लोखंडी कपाट, एक नोंदवही आणि धूळ असते. सेमीकंडक्टर कारखान्यात याच्या नेमके उलट आहे. तेथील साठवणीची यंत्रणा ही उत्पादनाच्या यंत्रांइतकीच मोलाची आणि कित्येकदा त्यांच्याहून अधिक काटेकोर असते, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

चिप ज्या सिलिकॉनच्या तबकडीवर घडते तिला वेफर म्हणतात. आजच्या मोठ्या कारखान्यांतील वेफर ३०० मिलिमीटर व्यासाची, पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड आणि सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. आकाराने आपल्या जेवणाच्या ताटाएवढी म्हणा. तिच्यावर थर चढवणे, प्रकाशाने नक्षी उमटवणे, कोरणे, धुणे, तापवणे अशा शेकडो प्रक्रिया होतात आणि या सगळ्यांतून पार पडायला दोन-तीन महिने लागतात. या दोन-तीन महिन्यांतला बराचसा काळ ती कोणत्याही यंत्रात नसते, पुढच्या यंत्राची पाळी येण्याची वाट पाहत असते. म्हणजे वेफरच्या आयुष्याचा मोठा भाग हा साठवणीतच जातो. टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांच्या धोलेरा येथील ज्या प्रकल्पाला केंद्र सरकारने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली, त्याची क्षमता महिन्याला ५०,००० वेफर इतकी सांगितली आहे. एका बंद डब्यात २५ वेफर बसतात, म्हणजे दरमहा २,००० डबे आत सोडायचे. प्रत्येक डबा दोन-अडीच महिने आत राहतो असे धरले, तर कोणत्याही क्षणी चार-पाच हजार डबे त्या छताखाली असणार. त्यातला प्रत्येक डबा कुठे आहे, किती वेळ थांबला आहे, त्याच्या आतली हवा कशी आहे, हे अखंड माहीत असले पाहिजे. माणसांच्या भरवशावर आणि नोंदवहीत हे काम होऊ शकत नाही.

धुळीचे तर विचारूच नका, असे आमच्या जिनिंगच्या गावात राहणारा माणूस म्हणणारच. हंगामात जिनिंगच्या आवारातून चालत घरी आलो की भुवयांवर रुईचे तंतू बसलेले असतात. त्या तंतूची जाडी साधारण १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. नॅनोमीटर हा मायक्रॉनचाही हजारावा भाग; त्या एका तंतूच्या रुंदीत २८ नॅनोमीटर पिढीच्या चिपवरील शंभराहून अधिक तारा शेजारी-शेजारी बसतात. तेव्हा तंतू तर दूरच राहिला, डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा तिथे दरड कोसळल्यासारखा असतो. खोलीच्या हवेच्या स्वच्छतेसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात पाचव्या वर्गाच्या खोलीत दर घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. आपण ज्या साध्या हवेत वावरतो ती नवव्या वर्गाच्या जवळपासची, म्हणजे ३ कोटी ५२ लाखांच्या घरातली. सर्वात कडक अशा पहिल्या वर्गात तर ०.१ मायक्रॉनचे अवघे १० कण चालतात. आणि या सगळ्या कणांचा सर्वात मोठा उगम कोणता, तर माणूस. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगावरूनही मिनिटाला लाखभर सूक्ष्म कण सुटतात असे मानले जाते, चालू लागला की ते कितीतरी पटींनी वाढतात.

यावर जो तोडगा निघाला तो मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत मिहीर पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला, की एवढी मोठी खोली पराकोटीची स्वच्छ ठेवत बसण्यापेक्षा वेफरच्या भोवतीची ओंजळभर हवाच स्वच्छ ठेवावी. वेफर बंद डब्यात राहील, डबा यंत्राच्या तोंडाला घट्ट बसेल आणि मगच त्याचे दार आतल्या आत उघडेल. खोलीतील हवेचा आणि वेफरचा संबंधच येणार नाही. पुढे ३०० मिलिमीटरच्या वेफरसाठी याच विचारातून समोरून उघडणारा डबा आला, त्याला त्या धंद्यात ‘फूप’ म्हणतात. पंचवीस वेफर भरलेला फूप साडेसात किलोच्या आसपास भरतो. तो दिवसातून शेकडो वेळा माणसाने उचलून नेणे कुणाच्याच हिताचे नाही, म्हणून छताला टांगलेल्या रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाड्या तो वरच्यावर उचलतात आणि पट्ट्याने खाली सोडून थेट यंत्रापुढे ठेवतात.

जे डबे थांबलेले असतात ते ‘स्टॉकर’मध्ये जातात. स्टॉकर म्हणजे छतापर्यंत उंच, चारही बाजूंनी बंद असलेले कपाट. आत दोन्ही बाजूंना शेकडो कप्पे, मधल्या बोळीत खाली-वर आणि पुढे-मागे सरकणारा यांत्रिक हात, वरून गाळलेल्या हवेचा सतत खाली येणारा झोत. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे फट राहिलीच तर हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. अशी यंत्रणा बनविणाऱ्या जगातील मोजक्या कंपन्यांत जपानची मुराता मशिनरी आहे. आमच्या भागातील सूतगिरण्यांत काम केलेल्या जुन्या लोकांना हे नाव नवीन नाही, कारण हीच कंपनी सूत गुंडाळणारी वाइंडिंगची यंत्रेही बनवते. बॉबिन संपली हे आपणच ओळखायचे, तुटलेला धागा आपणच जोडायचा, भरलेला कोन बाजूला काढायचा, हे ज्याने सूतगिरणीत जवळून पाहिले आहे, त्याला स्टॉकरमधील यांत्रिक हात परका वाटणार नाही, असे मला मनापासून वाटते.

आता मास्कविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण साठवणीचे महत्त्व तिथे सर्वात स्पष्ट दिसते. वेफरवर जी नक्षी उमटवायची तिचा मूळ साचा म्हणजे मास्क किंवा रेटिकल. हा १५२ मिलिमीटर चौरस आणि सव्वासहा मिलिमीटरच्या थोडा वर जाडीचा क्वार्ट्झ काचेचा तुकडा असतो, त्याच्यावर क्रोमियमसारख्या पदार्थाची बारीक नक्षी असते. छायाचित्राच्या निगेटिव्हमधून प्रकाश जावा तसा त्याच्यातून प्रकाश जातो आणि नक्षी चौपट लहान होऊन वेफरवर पडते. एका वेफरवर एक कण पडला तर एखादी चिप वाया जाईल. मास्कवर दोष आला तर तो प्रत्येक चिपवर, प्रत्येक वेफरवर उमटत राहील आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत हजारो चिप बाद झालेल्या असतील. एका चिपसाठी असे कित्येक मास्क लागतात आणि पुढच्या पिढीच्या चिपच्या पूर्ण संचाची किंमत कोटींच्या घरात जाते.

धुळीपासून वाचवण्यासाठी मास्कवर काही मिलिमीटर अंतरावर एक पातळ पारदर्शक पडदा ताणलेला असतो, त्यामुळे पडद्यावर पडलेला कण प्रकाशाच्या नाभीत येत नाही. पण वायूला पडदा अडवू शकत नाही. हवेत अमोनिया आणि गंधकाचे ऑक्साइड अत्यल्प प्रमाणात असले आणि थोडा ओलावा असला, तर १९३ नॅनोमीटरच्या तीव्र प्रकाशाखाली मास्कवर अमोनियम सल्फेटचे स्फटिक हळूहळू वाढतात. जणू आरशावर वाफ धरावी तसा धूसर थर येतो, म्हणून त्याला त्या धंद्यात ‘हेझ’ म्हणतात. पहाटे गोठ्यात पाय ठेवल्यावर नाकाला जो झणका बसतो तो याच अमोनियाचा. आपल्या नाकाला वास येतो त्याच्या कितीतरी खालच्या प्रमाणात, अब्जात काही भाग इतका असतानाही तो मास्कला पुरेसा घातक ठरतो. म्हणून मास्कच्या स्टॉकरमध्ये धूळ गाळणाऱ्या गाळण्यांबरोबर वायू शोषणाऱ्या रासायनिक गाळण्याही असतात आणि आत अतिशय कोरडी, शुद्ध केलेली हवा सोडलेली असते. शिवाय स्थिर विजेची एक सूक्ष्म ठिणगीही मास्कवरील दोन रेघांमधले अंतर वितळवून जोडू शकते. डबे, कप्पे, यांत्रिक हाताची बोटे या सगळ्यांचे साहित्य त्या हिशेबाने निवडावे लागते.

वेफरच्या डब्यांतून ठेवणीच्या काळात नायट्रोजन फिरवतात, याविषयी वाचले तेव्हा मला आमच्या वाड्यातील पेव आठवले. गावठाणाच्या पांढरीच्या मातीत दोन पुरुष खोल खणलेले पेव, आत तळाला आणि कडेने कडबा व कडुनिंबाचा पाला, वर ज्वारी भरून तोंडावर शिळा आणि शिळेभोवती चिखलाचे लिंपण. दाणा आतल्या हवेतला प्राणवायू हळूहळू वापरून टाकी, किडीला श्वास उरत नसे आणि ज्वारी वर्ष-दोन वर्षे जशीच्या तशी राही. पेव उघडले की माझे आजोबा लगेच कुणाला आत उतरू देत नसत. दिवसभर तोंड उघडे ठेवत, मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर पुन्हा थांबायचे. कंदील न सोडता उतरलेली माणसे दगावल्याच्या गोष्टी आमच्या पंचक्रोशीत जुन्या लोकांना अजून ठाऊक आहेत.

फूपमध्ये नायट्रोजन सोडण्यामागचे तत्त्व हेच आहे: प्राणवायू आणि ओलावा काढून घ्या, म्हणजे वस्तू बिघडणार नाही. सिलिकॉनचा उघडा पृष्ठभाग हवेत राहिला तर त्यावर ऑक्साइडचा नको असलेला थर चढतो, तांब्याच्या तारा गंजू लागतात, कोरण्याच्या प्रक्रियेतून मागे राहिलेले वायू ओलाव्याशी मिळून आम्लाचे बारीक ठिपके तयार करतात. म्हणून काही टप्प्यांनंतर वेफरने किती तासांच्या आत पुढच्या यंत्रात जायला हवे याची मर्यादा ठरलेली असते आणि नायट्रोजनच्या फवाऱ्याखाली ठेवल्यास ती मर्यादा लांबवता येते. स्टॉकरच्या कप्प्यातच खाली छोट्या नळ्या असतात. डबा त्यावर बसला की त्याच्या तळातील झडपा जुळतात आणि वायू आत जाऊ लागतो. आजोबांचा कंदीलही इथे दुसऱ्या रूपात हजर असतो. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, म्हणून अशा बंद जागेत प्राणवायू मोजणारी यंत्रे बसवलेली असतात आणि प्रमाण १९.५ टक्क्यांच्या खाली गेले की धोक्याची घंटा वाजते. दुरुस्तीसाठी आत शिरणाऱ्या तंत्रज्ञाला हे माहीत नसेल तर तो जिवाला मुकेल. हे ज्ञान इंजिनियरपुरते ठेवून चालणार नाही. ते आयटीआयच्या मुलापर्यंत पोहोचले पाहिजे, कारण आत शिरणारा बहुधा तोच असेल.

रसायनांची साठवण हा असाच स्वतंत्र विषय आहे, त्याचा एकच दाखला देतो. जानेवारी २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या इतरांसाठी चिप बनवून देणाऱ्या जगातील सर्वात मोठ्या कंपनीत पुरवठादाराकडून आलेले, ठरल्या गुणवत्तेत न बसणारे फोटोरेझिस्ट (प्रकाशाने नक्षी उमटवण्यासाठी वेफरवर चढवायचे रसायन) वापरले गेले आणि त्या तिमाहीत सुमारे ५५ कोटी डॉलरचा महसूल हातचा गेला. आत येणारी प्रत्येक बाटली तपासून, नोंदवून, योग्य तापमानाला ठेवून मगच पुढे सोडणे हेही साठवणीचेच काम आहे.

कुणी म्हणेल की हे सारे धोलेऱ्याचे आणि तैवानचे, आपल्या वर्धा-यवतमाळच्या मुलांचा याच्याशी काय संबंध. संबंध आहे, आणि तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. निवृत्तीनंतर दोन वर्षे मी एका लहान उद्योगात सुट्या भागांच्या भांडाराचे काम पाहत होतो. तेथे सौरपंपाच्या नियंत्रकांसाठी इलेक्ट्रॉनिक पट्ट्या (सर्किट बोर्ड) जोडल्या जात. चिप तयार होऊन तिच्यावर काळे प्लास्टिकचे कवच चढले की सारे निभावले असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते प्लास्टिक हवेतला ओलावा मुरवून घेते. अशा भागांसाठी जागतिक मानकात १ ते ६ अशा पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. त्यातील तिसऱ्या पायरीचा भाग पिशवी उघडल्यानंतर ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता यांच्या आत असेल तरच १६८ तास, म्हणजे सात दिवस चालतो. त्याहून अधिक वेळ झाला तर तो भट्टीत तापवून सुकवावा लागतो किंवा मुळातच पाच टक्क्यांहून कमी आर्द्रतेच्या कपाटात ठेवावा लागतो. हे भाग चांदीसारख्या चकाकत्या पिशवीत हवाबंद येतात. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि एक लहान कार्ड असते, त्याच्यावरचे निळे ठिपके ओलावा लागला की गुलाबी होतात.

ऑगस्ट महिना होता, झड लागलेली होती. साठ्याची मोजणी करायची म्हणून चिपच्या काही रिळांच्या पिशव्या उघडल्या आणि मोजणी झाल्यावर त्या साध्या रबराने बांधून ठेवल्या. ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेत ८० टक्क्यांहून अधिक ओलावा असतो हे मला सांगायला नको होते. पंधरवड्यानंतर ती रिळे जोडणीसाठी मागितली गेली. मी पिशवी उघडली तेव्हा कार्डावरचे ठिपके गुलाबी झालेले होते. भाग सुकवायचे तर भट्टीत बराच वेळ जाणार होता आणि माल त्याच आठवड्यात पाठवायचा होता. मी रिळे दिली आणि नोंदवहीत सही केली. सोल्डरिंगच्या भट्टीत तापमान २४० अंशांच्या वर जाते. कवचात मुरलेल्या पाण्याची त्या क्षणी वाफ होते आणि ती वाफ चिपला आतून उलते. त्या दिवशी आवाज आला नाही, फुगवटा दिसला नाही आणि सगळ्या पट्ट्या टेबलावर तपासणीत चालल्या.

त्या चालल्या नाहीत त्या शेतात. डिसेंबरमध्ये आर्वीकडचे एक शेतकरी नियंत्रक दुपट्ट्यात गुंडाळून घेऊन आले. “सर, हरभरा फुलावर हाये अन् मोटर बंद पडली,” एवढेच ते म्हणाले आणि दाराशी उभे राहिले. मी पट्टी काढून भिंगाखाली धरली. एका चिपच्या कडेला, पायांच्या ओळीच्या वर, केसाहून बारीक चीर होती. थंडी-उन्हाने ती वाढत गेली होती आणि आतली तार तुटली होती. पुढच्या महिन्याभरात तशाच चिरा असलेले आणखी नियंत्रक परत आले. त्या शेतकऱ्यांचे पाणी चुकले, ते माझ्या त्या एका सहीने. तेव्हापासून मला सेमीकंडक्टर उद्योगाविषयी कुठलीही बातमी वाचली की प्रथम प्रश्न पडतो तो हाच, की तिथले भांडार कोण पाहणार आणि त्याला कुणी शिकवले.

आमच्या भागाला ओलाव्याचे महत्त्व समजत नाही असे मुळीच नाही. कापूस घेऊन भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर गेलेल्या प्रत्येकाने ग्रेडरच्या हातातील ओलावा मोजायचे यंत्र पाहिलेले आहे. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्या वर बारा टक्क्यांपर्यंत भावात कपात आणि त्याहून जास्त असेल तर गाडी परत, हा हिशेब शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ आहे. तीच समज इलेक्ट्रॉनिक्सच्या कार्यशाळेत आणता आली तर मुलांना ती जड जाणार नाही. उलट आपल्याकडचे हवामान हे दोन्ही टोकांचे असल्यामुळे शिकायला उत्तम आहे: पावसाळ्यात ओलावा मुरतो आणि उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की स्थिर विजेचा त्रास सुरू होतो. माणसाच्या बोटाला ठिणगी जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, पण काही नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतच निकामी होतात. म्हणजे हात लावणाऱ्याला कळतही नाही आणि भाग मेलेला असतो. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या काळात आमच्या कार्यशाळेत आयसी, म्हणजे कवचातल्या चिप, थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून ठेवण्याची पद्धत होती. थर्मोकोलमध्ये स्थिर वीज किती सहज साठते हे ठाऊक नसल्याने आम्ही कित्येक उन्हाळे निकामी आयसींचा दोष पुरवठादाराला देत राहिलो.

आजच्या अभ्यासक्रमात स्थिर विजेपासून बचाव आणि नाजूक भागांची हाताळणी हे मुद्दे आहेत, हे मी मान्य करतो. पण साधने नसल्यामुळे ते फळ्यावरच राहतात. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाला माझी विनंती आहे की विदर्भातील प्रत्येक जिल्ह्यातील किमान एका संस्थेत आर्द्रता नियंत्रित करणारे एक कोरडे कपाट, वीजरोधक नव्हे तर वीज हळूहळू जमिनीत सोडणाऱ्या चटया आणि मनगटपट्टे, एक चांगला आर्द्रतामापक आणि हवेतील कण मोजणारे एक उपकरण द्यावे. कण मोजण्याच्या यंत्रासमोर मुलाने एकदा हात झटकला आणि पडद्यावरचा आकडा उसळताना पाहिला, की टोपी-मास्क-हातमोजे का घालायचे हे पुन्हा सांगावे लागत नाही. शिल्पनिदेशकांसाठी आठवडाभराचा वर्ग नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत किंवा बुटीबोरीजवळ वारंगा येथील भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत घेता येईल. दोन्ही संस्था आपल्या दाराशी आहेत.

याहून महत्त्वाचे म्हणजे हा विषय इलेक्ट्रॉनिक्सपुरता ठेवू नये. स्टॉकरमधील यांत्रिक हात शेवटी रूळ, चाके, पट्टे, मोटर आणि सेन्सर यांवर चालतो. त्याची चाके झिजली तर कण सुटतात, पट्टा सैल झाला तर डबा मिलिमीटरच्या अंशाने तिरका बसतो आणि आतले वेफर हादरतात. ही देखभाल जोडारी आणि वीजतंत्री या व्यवसायांतील मुलांचे काम आहे. यांत्रिक हाताला प्रत्येक कप्प्याची नेमकी जागा शिकवावी लागते, गाळण्या बदलून त्यांची गळती तपासावी लागते, नायट्रोजनच्या नळ्यांचे सांधे पाहावे लागतात. स्वयंचलित म्हणजे माणसाला काम नाही ना, असे पालक मला विचारतात तेव्हा मी त्यांना सूतगिरणीचे उदाहरण देतो: यंत्र आले तेव्हा धागा जोडणारे हात कमी झाले हे खरे आहे आणि ते मी लपवत नाही, पण जो यंत्र दुरुस्त करू शकत होता त्याला तीन पाळ्यांत बोलावणे येई. सेमीकंडक्टर कारखान्यात अशा जागा हजारोंनी निघतील असे मी म्हणत नाही. ज्या निघतील त्यांच्यासाठी आमची मुले तयार असावीत, आणि जी मुले बाहेर न जाता इथेच सौरपंप, मोबाइल, इन्व्हर्टर दुरुस्त करतील, त्यांच्या दुकानातही सुटे भाग नीट ठेवलेले असावेत, एवढे मला हवे आहे. मुलींनी या कामात यावे अशी माझी विशेष इच्छा आहे. माझ्या वर्गात बारीक सोल्डरिंग आणि नोंदी यांत त्या सातत्याने पुढे असत.

आमच्या तालुक्यातील संस्थेच्या प्राचार्यांना मी गेल्या महिन्यात याविषयी लेखी निवेदन दिले आहे आणि कोरडे कपाट मिळाले तर आठवड्यातून दोन दिवस विनामानधन शिकवायला येण्याची तयारी त्यात कळवली आहे. साधनसामग्रीच्या खरेदीची मागणी जिल्ह्यातून वर जाण्याचा काळ जवळ आला आहे, म्हणून हे पत्र शक्य तितक्या लवकर छापावे, ही विनंती. इतर तालुक्यांतील निवृत्त शिल्पनिदेशकांनीही आपापल्या संस्थेला असे निवेदन दिले, तर जिल्ह्याच्या मागणीत हे कपाट येईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा